लाल गाडीचा पिकअप

भिलाईच्या आठवणी लिहा म्हटलं, की माझ्या वयाचे लोक भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या पहिल्या धारेबद्दल लिहितात. मी ती धार पाहिली नाही. तिकडे टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी एका डंपरच्या पोटाखाली उताणा पडलो होतो आणि गिअरबॉक्सचं तेल माझ्या कानात गळत होतं. तेव्हा लोखंडाबद्दल ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहावं. मी लिहितो एका लाल गाडीबद्दल. ती पळत नव्हती, आणि तिच्यापायी भर गॅरेजात माझं हसं झालं.

मी श्रावण हटवार. गाव लाखनीकडचं, घरी धानाची शेती. शेतीला दोन भाऊ पुरेसे होते, म्हणून मी गोंदियाला एका बस गॅरेजात लागलो आणि पाने पुसता पुसता इंजिन शिकलो. भिलाईत कारखाना बांधून राहिले, मेकॅनिक पाहिजेत, असं कानावर आलं तसा पेटी उचलून आलो. त्या वेळी बरेचसे सेक्टर म्हणजे मुरमाच्या जमिनीत ठोकलेल्या खुंट्या होत्या. आम्ही नवरा-बायको मजुरांच्या कॅम्पात एका टिनाच्या खोलीत राहायचो. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत पापड वाळत घालावे लागत नसत, नुसते ठेवले तरी भाजून निघत.

आमचं मोटर गॅरेज म्हणजे एक लांबलचक शेड. डंपर, ट्रक, जीपा, सगळं तिथे यायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मेकॅनिक गाडी दुरुस्त करतो. खरं म्हणजे त्याला आधी ड्रायव्हर काय लपवतो आहे ते शोधावं लागतं. एका ट्रकवाल्याची तक्रार होती, की रोज सकाळी सुपेला नावाच्या बाजारापाशी इंजिन गरम होतं, मग अर्धा तास थांबावं लागतं. रेडिएटर पाहिला, पंखा पाहिला, पट्टा बदलला. तरी तेच. शेवटी एक दिवस त्याच्या शेजारी बसून गेलो. बाजारापाशी एक बाई भजी तळत होती. इंजिन थंडच होतं, गरम होती ती भजी. मीसुद्धा दोन प्लेट खाल्ली आणि रजिस्टरात लिहिलं, 'दोष आढळला नाही.'

तर लाल गाडी. ती आमच्या गॅरेजच्या इंजिनियर साहेबांची, वझलवार साहेबांची खासगी गाडी. साहेब नागपूरचे, उंचपुरे, कामात चोख, पण त्या गाडीचा विषय निघाला की शाळेतल्या पोरासारखे व्हायचे. दोन सीटांची विलायती स्पोर्ट गाडी. कुठल्याशा जमीनदाराच्या गोठ्यात कोंबड्या बसायच्या तिच्यात. साहेबांनी ती आणली आणि आपल्या मनाने नवी केली. मूळचं इंजिन गेलेलं, म्हणून लष्कराच्या लिलावातल्या जीपचं इंजिन बसवलं. कार्बोरेटर तिसऱ्याच गाडीचा. छपराला ताडपत्री. पुढचे दिवे एकमेकांचे सख्खे नव्हते, सावत्र होते. पण ती पळायची. दुर्गच्या सरळ रस्त्यावर साहेब निघाले की मागे नुसती धूळ दिसायची, साहेब दिसायचे नाहीत.

मग एक दिवस त्याच रस्त्यावर पुलियाजवळ, म्हणजे छोट्या पुलाजवळ, म्हशी आडव्या आल्या. साहेब म्हशींना वाचवायला गेले आणि गाडीसकट धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलाच्या शेतात उतरले. खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले. दीड महिना दवाखान्यात होते. म्हशींना काही झालं नाही. साहेब पुढे नेहमी सांगायचे, की चूक म्हशींचीच होती.

तेवढ्या वेळात गाडी गॅरेजात आणून कादर उस्तादांनी सरळ केली. उस्ताद जबलपूरकडचे, पत्र्याच्या आणि सुताराच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चेसिस सरळ केली, मडगार्ड ठोकून काढले, पायाखालच्या फळ्या नव्या बसवल्या, वर काथ्याची चटई टाकली. साहेब बरे होऊन आले, गाडीत बसले, एक चक्कर मारली आणि तोंड पाडून परत आले. गाडीला पिकअपच नव्हता. एक्सलेटर दाबला तर गाडी उगीच हुंकार द्यायची आणि बैलबंडीसारखी चालायची.

उस्ताद म्हणाले, इंजिनचं काम माझं नाही, इंजिनचा माणूस श्रावण. मला तेव्हा वाटलं, उस्ताद माझा मान ठेवून राहिले.

गाडी ओढत नसेल तर मेकॅनिक काय पाहतो, ते थोडक्यात सांगतो. इंजिनला पेट्रोल पाहिजे, हवा पाहिजे, वेळेवर ठिणगी पाहिजे आणि सिलिंडरात दाब पाहिजे. हे चारही असून गाडी हटत नसेल, तर जोर चाकापर्यंत पोचत नाही किंवा चाकाला कोणी धरून ठेवलं आहे. मी ओळीने लागलो. पेट्रोलची नळी फुंकली, जाळी धुतली. प्लग बदलले. टायमिंग लावलं. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून क्लच सोडला. क्लच घसरत असेल तर इंजिन चालूच राहतं, इथे खटकन बंद पडलं, म्हणजे क्लच ठीक. जॅक लावून चाकं फिरवली, चारही मोकळी. आणि दर वेळी बोनेट उघडून कार्बोरेटरचा दांडा बोटाने ओढला की इंजिन असं गरजायचं, की शेडचे पत्रे थरथरायचे. तेच इंजिन रस्त्यावर गेलं की आजारी.

मग मला सायलेन्सरची आठवण झाली. गाडी बांधीत उतरली होती, मागची नळी चिखलाने बुजली असणार. धूर बाहेर जाऊ शकला नाही तर नवी हवा आत येणार कशी? नळी काढून आपटली, तर वितीभर वाळका चिखल निघाला आणि त्यामागून एक अख्खा वाळलेला खेकडा. सगळं गॅरेज पाहायला जमलं. स्टोअरकीपरने तो खेकडा कागदावर ठेवून साहेबांच्या टेबलावर नेला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. गाडी काढली, गेटापर्यंत गेले आणि तसेच परत आले. तोंड पुन्हा पडलेलं.

त्यानंतर मी इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. काही सापडलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा उघडलं, चांगलं गॅस्केट फुकट घालवलं. तरी नाही. गॅरेजात कोणी माझ्यासमोरून गेलं की विचारायचं, खेकड्याचा भाऊ सापडला का म्हणून. उस्ताद मात्र काही बोलायचे नाहीत. मी इंजिनात डोकं घालून असायचो आणि ते शेजारी बिडी ओढत बसायचे, तोंडावर अशी कळवळ्याची छटा, की मला आणखीच लाज वाटायची.

अशात साहेबांनी क्लबात पैज लावली. कारखान्यात रशियन साहेब बरेच होते. त्यातले एक ग्रिगोरी साहेब, आम्ही त्यांना गिरधारी साहेब म्हणायचो आणि तेही ओ द्यायचे. त्यांच्याकडे जीप होती. बोलता बोलता वझलवार साहेब म्हणून गेले, की आमची लाल गाडी तुमच्या जीपला धूळ चारील. ठरलं, रविवारी सकाळी, गॅरेजच्या गेटापासून रेल्वे फाटकापर्यंत.

साहेब माझ्याकडे आले. चार्जमनच्या बढतीची यादी तेव्हा त्यांच्या टेबलावर होती, त्यात माझं नाव होतं. चार्जमन झालो की सेक्टर सहात दोन खोल्यांचं क्वार्टर. धुरपताने, म्हणजे माझ्या बायकोने, पडद्याचं कापडही पाहून ठेवलं होतं. साहेब हसत म्हणाले, "हटवार, रविवारी गाडी पळाली की सोमवारी यादीवर सही." मला त्यातलं हसू काही ऐकू आलं नाही, बाकीचं सगळं ऐकू आलं.

शनिवारी दुपारी मी हात टेकले होते. साहेब येऊन गाडीत बसले, कसं काय म्हणून. मी बोनेट उघडून उभा होतो. सहज म्हटलं, साहेब, जरा एक्सलेटर पूर्ण दाबा. कार्बोरेटरचा दांडा निम्मा फिरला आणि थांबला. म्हटलं, पूर्ण दाबा. ते म्हणाले, पूर्णच दाबला आहे बाप्पा, याच्या पुढे पाय जाईल कुठे?

महिनाभर मी तो दांडा आपल्या बोटाने ओढून पाहत होतो. पायाने दाबल्यावर तो कुठपर्यंत जातो, हे एकदाही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून जे गेले त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं, की आधी पेडल पाहा, मग इंजिन. पण हे कसं शिकलो ते कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी चूक कळू नये म्हणून साहेबांना तसंच जाऊ दिलं. मग वाकून चटई उचलली. पेडलच्या बरोबर खाली सागाचा ठोकळा होता, दोन बोटं जाड, कडा घासलेल्या, काळा रंग दिलेला. वर पितळी स्क्रू, आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत. अशा खाचा लावणारा आमच्या गॅरेजात एकच माणूस होता.

मी उस्तादांपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि बिडी विझवली. म्हणाले, साहेब दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या घरच्या बाईसाहेब इथे आल्या होत्या. गाडी धीमी करून द्या, पण त्यांना कळू देऊ नका, म्हणाल्या. मी त्यांना जबान दिली, शब्द दिला.

मी विचारलं, की मग मी दोन वेळा हेड उघडलं तेव्हा तरी सांगायचं.

"जबान दी थी बेटा," उस्ताद म्हणाले. "तीसरी बार खोलता, तो चाय पिला देता." मग म्हणाले, "मैंने दी है, तूने नहीं दी. तुझे जो ठीक लगे, कर."

मला काय ठीक वाटणार? मी पेचकस घेतला आणि ठोकळा काढला. शेजारच्या सीटवर टाकला, गाडी सुरू केली आणि गेटाबाहेर काढली. त्या दिवशी मला कळलं, की साहेब त्या गाडीसाठी एवढे वेडे का आहेत. पाय टेकवायचा अवकाश, पाठ सीटला चिकटली. जन्मभर डंपर हाकणाऱ्या माणसाला घोड्यावर बसवावं तसं झालं. मी एकटाच हसत होतो. तसाच भरधाव साहेबांच्या बंगल्यावर गेलो, आनंदाची बातमी द्यायला.

साहेब घरी नव्हते. बाईसाहेब मात्र आवाज ऐकूनच धावत बाहेर आल्या होत्या. हातात पिठाची परात तशीच. गाडीत मी आहे हे पाहून त्यांनी श्वास सोडला, आणि मग त्यांची नजर सीटवरच्या ठोकळ्यावर गेली.

मी गाडी बंद केली. त्या पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. उद्याची शर्यत आहे ना, म्हणाल्या. मी मान हलवली.

"त्या दिवशी एक माणूस सायकलवर आला," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातात यांचा एक बूट होता. म्हणाला, चला, साहेब शेतात पडले आहेत. बाकी त्याला काही सांगता येईना. जीप मिळून तिथे पोचेपर्यंत पाऊण तास गेला, हटवार. तो पाऊण तास मी तो बूट मांडीवर घेऊन बसले होते."

मी गाडीतून खाली उतरलो.

"गाडी विका असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्यांनी ती हाताने बनवली आहे. फक्त थोडी हळू चालावी, एवढंच." परात घेऊन त्या उठल्या. "तुमचं कामच ते. तुम्हाला मी कशी अडवू?"

त्यांनी रडून गळ घातली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गाडी हळूहळू गॅरेजात आणली. बाकावर ठोकळा ठेवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एका बाजूला सेक्टर सहाच्या दोन खोल्या, एका बाजूला तो बूट. मधला रस्ता म्हणून ठोकळा निम्मा घासावा असंही डोक्यात आलं, कानसही काढली. पण निम्मा ठोकळा म्हणजे काय, शेताला निम्मा बांध? पाणी वाहून जायचं ते जातंच. शेवटी होता तसा परत बसवला, चटई टाकली आणि घरी गेलो.

रविवारी सकाळी गेटापाशी जत्रा. क्लबातले साहेब लोक, आमचे झाडून सगळे मेकॅनिक. स्टोअरकीपरने लाल फडकं खाली केलं. जीप निघाली. लाल गाडीने मोठी गर्जना केली आणि लग्नाच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यासारखी मागून निघाली. थोडं पुढे गेल्यावर गिरधारी साहेबांनी मागे पाहिलं. त्यांना वाटलं, पाहुणा म्हणून आपल्याला पुढे जाऊ देत आहेत. त्यांनी जीप हळू केली, बाजूला घेतली आणि हाताने खूण केली, आधी आपण. साहेबांनी होता नव्हता तेवढा जोर लावून पेडलवर पाय रेटला. गाडी काही पुढे येईना. जीपमध्ये मागे दुभाषी बसला होता, तो उभा राहून हिंदीत म्हणाला, "साहब कह रहे हैं, आप संकोच मत कीजिए."

फाटकापाशी साहेब पोचले तेव्हा गिरधारी साहेब जीपला टेकून पेरू खात होते. त्यांनी एक पेरू साहेबांना दिला. साहेबांनी तो घेतला, खाल्ला मात्र नाही.

सोमवारी मला इंजिनवरून काढून टायरच्या शेडात पाठवलं. यादीवर सही झाली, माझ्या नावावर रेघ होती. साहेब सगळ्यांदेखत एवढंच म्हणाले, की ज्याला महिनाभरात एक दोष सापडत नाही त्याला चार्जमन कसं करू. बरोबरच होतं त्यांचं. उस्ताद उठून काहीतरी बोलायला निघाले होते, मी डोळ्यानेच नको म्हटलं.

घरी धुरपताला सांगणं सगळ्यात कठीण. तिने सगळं ऐकून घेतलं, ठोकळा, बूट, पेरू, सगळं. मग विचारलं, "मंग कापडाचं आता का करू?"

मी म्हटलं, "मले दुसरं सुचलंच नाही वो. तू असती तं का केलं असतं?"

ती तांदूळ निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मी असती तं त्या गाडीले चाकंच ठेवली नसती." त्या कापडाच्या तिने दोन उशांच्या खोळी शिवल्या, उरलेल्याचा मला रुमाल.

टायरच्या शेडात काम म्हणजे डंपरच्या माणूसभर उंचीच्या टायरशी कुस्ती. त्यात डोकं लागत नाही, नुसती कंबर लागते. तीनेक आठवडे मी ती कुस्ती केली. एका दुपारी साहेब शेडात आले. इकडेतिकडे पाहिलं आणि एका आडव्या टायरवर बसले.

"हटवार," मग ते म्हणाले, "तो ठोकळा किती जाडीचा आहे?"

मी म्हटलं, दोन बोटं.

"काल रात्री हिने सांगितलं. तुझं नाव कापलं हे तिला परवा कळलं. तेव्हापासून जेवत नव्हती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी सापडला?"

"शनिवारीच, साहेब. शर्यतीच्या आदल्या दिवशी."

"आणि तू परत बसवला."

मी हो म्हटलं. आता काय होईल ते होवो, या विचाराने विचारून टाकलं, "काढून देऊ का, साहेब?"

साहेबांनी मोडलेला खांदा दुसऱ्या हाताने दाबला. थंडीत तो त्यांना दुखायचा.

"नको," ते म्हणाले. "पण खडखडतो तो. नीट बसव."

मेलो मी शरमेने. उस्तादांनी बसवलेला ठोकळा महिनाभर हूं की चूं करत नव्हता आणि मी बसवलेला खडखडत होता. एकदा उघडलेल्या भोकात स्क्रू पुन्हा धरत नाहीत, त्यात आधी काडी ठोकायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच दिवशी गाडी आली, मी काड्या ठोकून, खाली चामड्याचा तुकडा घालून तो बसवला. उस्ताद येऊन पाहून गेले. मग चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की गाडीत दोष हटवारच्या कामाचा नव्हता, आपणच एक चुकीचा पार्ट बसवला होता. कोणता पार्ट, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी पुन्हा इंजिनवर आलो. चार्जमनचं मात्र पुढच्या यादीपर्यंत थांबावं लागलं, आणि क्वार्टर त्याहून मागाहून मिळालं. तोवर धुरपताने आणखी एक उन्हाळा टिनाखाली काढला. त्याची बोच मला आजही आहे, कारण तो उन्हाळा तिने माझ्या निवडीपायी काढला, स्वतःच्या नव्हे.

पण एका संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. ड्यूटी सुटून मी सायकलने घरी निघालो होतो. पुढे रस्त्याच्या मधोमध लाल गाडी चालली होती. साहेब चालवत होते आणि बाजूच्या सीटवर बाईसाहेब, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर भाजीची पिशवी. त्या गाडीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साहेब काहीतरी सांगत होते, त्या हसत होत्या. शिफ्ट सुटलेली, मागे आम्हा सायकलवाल्यांची ही रांग लागलेली, आणि सगळे घंट्या वाजवत होते, साहेब, जरा बाजूला घ्या, आम्हाला पुढे जायचं आहे.